सगळ्यालाच कचरा म्हणू नकोस

प्रिय,

तुझा मेल परवाच आला होता पण तू स्पॅनिशमधून मराठीत केलेल्या भाषांतराची फाइल पूर्ण वाचूनच लिहायचं ठरवलं, म्हणून उशीर झाला. बावीस पानं तू चार दिवसांत केलीस, वाक्यं कुठे तोडायची हे तुला कळतं, क्रियापदं नीट जागेवर आहेत, ते सगळं छान आहे. पण मी एक काम केलं. तुझ्या मराठी फाइलमध्ये 'कचरा' शब्द सर्च केला, तो ६१ वेळा निघाला, मग त्या प्रत्येक जागी मूळ स्पॅनिशमध्ये काय होतं ते बघत बसले तर तिथे नऊ वेगळे शब्द होते. बासुरा, रेसिदुओ, देसेचो, देस्पेर्दिसियो, एस्कोम्ब्रो, देस्मोन्ते, चातार्रा, बागासो, काचासा. हे कसं झालं तेही मला कळलं. तू मनातल्या मनात आधी इंग्रजी केलंस, सगळ्याचं वेस्ट झालं, आणि मग वेस्टचं कचरा. मधला तो थांबा काढून टाक अगं. स्पॅनिशकडे या गोष्टींसाठी ढीगभर शब्द आहेत आणि मराठीकडे त्याहून कमी नाहीत, मग गरिबासारखं एकाच शब्दात का राहायचं?

आधी बासुराच घे. हा शब्द लॅटिनमधल्या झाडणे या अर्थाच्या क्रियापदातून आलाय, म्हणजे मुळात झाडून जे निघालं ते. आपल्याकडे त्याला केर म्हणतात. रोजच्या वापरात बासुराला कचरा चालतं, तिथे माझं काही म्हणणं नाही, पण तुझ्या सहाव्या पानावर म्हातारी अंगण झाडून बासुरा कोपऱ्यात लावते, तिथे केरच हवा. आई केर काढते, कचरा काढत नाही. असं वाक्य आलं की तुझी आजी काय म्हणाली असती ते कानात ऐकून बघ.

आता मला ज्यावर जास्त बोलायचंय ते. कोलंबियाचा भाग. पानेला म्हणजे आपला गूळच, ते तू बरोबर केलंयस, आणि गूळ बनवण्यात जगात भारतानंतर कोलंबियाचाच नंबर लागतो. ते ज्याला त्रापिचे म्हणतात ते गुऱ्हाळ. उसाचा रस काढल्यावर जे उरतं तो बागासो, तू लिहिलंयस "उसाचा कचरा वाळवून जाळतात". अगं ते चिपाड! गुऱ्हाळावर चिपाडाला कोणी कचरा म्हटलेलं मी ऐकलेलं नाही, कारण तेच चुलाणात जातं, चिपाड संपलं तर रस आटवायची ती मोठी काहील तापणार कशी. तिकडेही बागासो वाळवून भट्टीतच घालतात. मोठ्या साखर कारखान्याचा मजकूर असेल तर मग बगॅस लिही, तिथले लोक तेच म्हणतात, पण गुऱ्हाळ असेल तर चिपाड. एकाच स्पॅनिश शब्दाला जागा बघून दोन मराठी शब्द.

आणि काचासा. इथे मी स्वतः चुकलेली आहे म्हणून सांगते. पंचवीसेक वर्षांपूर्वी कोलंबियातल्या गुळावरची एक छोटी माहितीपुस्तिका माझ्याकडे आली होती, त्यात होतं की रस उकळताना काचासा वर येते ती काढत राहावं. मी डिक्शनरी उघडली, त्यात उसाची दारू असा अर्थ होता, मी "मद्य" लिहून मोकळी झाले आणि मला शंकाही आली नाही की उकळत्या रसावर मद्य कसं तरंगेल. छापायच्या आधी ते पान मी मामांना वाचून दाखवलं, त्यांचं कोल्हापूरकडे गुऱ्हाळ होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आगं ही मळी की, दुसरं काय." म्हणजे उकळत्या रसावर येणारा मळकट फेस. मग त्यांनी मला विचारलं की ते लोक मळी वर आणायला रसात काय घालतात. मी वाचून सांगितलं, गुआसिमो, बाल्सो असल्या झाडांच्या सालीचा बुळबुळीत चीक. मामा म्हणाले आपण रानभेंडी घालतो, तसंच. तिकडचा शेतकरी काचासा आटवून जनावरांना घालतो, त्याला मेलोते म्हणतात, तेही त्यांना फार आवडलं. त्या दिवशी मला जे कळलं ते कुठल्या क्लासमध्ये कळलं नव्हतं. डिक्शनरीत शब्दाचा अर्थ असतो पण ती वस्तू गुऱ्हाळावर असते, आणि तुला मराठी शब्द त्या वस्तूपाशी उभ्या असलेल्या माणसाकडूनच मिळणार.

आणि तोच काचासा साखर कारखान्यात आला, क्युबात म्हण किंवा मेक्सिकोत, की तो प्रेसमड होतो, म्हणजे रस गाळून फिल्टरवर राहिलेला गाळ, जो शेतात खत म्हणून जातो. दारूच्या डिस्टिलरीत विनासा दिसला तर तो स्पेंटवॉश, म्हणजे दारू गाळून झाल्यावर उरलेलं सांडपाणी. हे शब्द तुला साताऱ्या-सांगलीचा कुठलाही कारखान्यातला माणूस फोनवर दोन मिनिटांत सांगेल, विचारायला लाजू नकोस.

एस्कोम्ब्रोसकडे ये, म्हणजे पडलेल्या बांधकामाचे दगड-विटा. मेक्सिको शहरात १९ सप्टेंबर १९८५ ला भूकंप झाला, आणि २०१७ मध्ये बरोबर त्याच तारखेला पुन्हा. २०१७ ला लोक हाताने विटा-काँक्रीट उपसत होते, आणि खालून कोणाचा आवाज येतोय का ते ऐकायला कोणीतरी मूठ वर करायचं की सगळा रस्ता एकदम गप्प व्हायचा. तुझ्या भाषांतरात ही माणसं "कचऱ्याखाली" अडकली आहेत. ते वाचून मला खरंच त्रास झाला. तू मुद्दाम केलं नाहीस हे माहितीये मला, पण १९९३ ला किल्लारीनंतर आपण काय म्हणत होतो आठव, तू तेव्हा नसशील पण घरी विचार, ढिगाऱ्याखाली म्हणत होतो. माणूस खाली असेल तोपर्यंत तो ढिगारा. माणसं काढून झाली, डंपर आले, ते सगळं भरून शहराबाहेर न्यायला लागले की तोच एस्कोम्ब्रोस राडारोडा होतो. स्पॅनिश शब्द बदलत नाही, मराठीत मात्र तुला ठरवावं लागतं की आत्ता गोष्ट कुठे पोचलीय. आणि सरकारी नियमाचा मजकूर असेल तर बांधकाम व पाडकाम कचरा, २०१६ पासून आपल्याकडे त्याचे वेगळे नियमच आहेत, तिथे राडारोडा लिहिलंस तर वकील हरकत घेईल.

याच कुटुंबातले अजून दोन शब्द सांगते कारण ते देश बदलला की फिरतात. कास्काखो म्हणजे स्पेनमध्ये साधारण खडी, बारीक दगड, पण मेक्सिको शहरात तो पाडकामाचा राडारोडा. देस्मोन्ते तर फारच जपून. लिमामध्ये भिंतींवर लिहिलेलं असतं की इथे बासुरा आणि देस्मोन्ते टाकू नये, तिथे तो राडारोडाच आहे. पण अर्जेंटिनात देस्मोन्ते म्हणजे जंगलतोड, २००७ च्या त्यांच्या जंगलांच्या कायद्यात हा शब्द त्याच अर्थाने आहे. तुझ्या फाइलमध्ये पेरूचा रिपोर्ट आहे आणि शेवटी अर्जेंटिनाच्या चाको भागाचा उतारा आहे, दोन्हीकडे हाच शब्द आलाय आणि दोन्हीकडे तू कचरा लिहिलंस, त्यामुळे चाकोचा उतारा पूर्णच बिघडलाय, हजारो हेक्टर "कचरा" कसा होईल? वाचताना आकडा अडकायला हवा होता. आकडे असे अडकले की थांबायचं, पुढे जायचं नाही. आणि काम हातात घेतलं की पहिला प्रश्न, हे कुठल्या देशातलं स्पॅनिश आहे.

रेसिदुओ आणि देसेचोवर लवकर सांगते, ते सोपं आहे. दोन्ही कागदोपत्री शब्द आहेत. स्पेनचा २०२२ चा कायदा रेसिदुओस म्हणतो, मेक्सिकोचा २००३ चा पण रेसिदुओसच, पण धोकादायक कचऱ्याच्या १९८९ च्या बासेल कराराच्या स्पॅनिश मजकुरात देसेचोस आहे. किरणोत्सारी कचऱ्याचंही तसंच, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था देसेचोस लिहिते आणि स्पेनची सरकारी कंपनी रेसिदुओस. अर्थात फरक शोधत रात्र घालवू नकोस, बऱ्याचदा तो फक्त कुठल्या ऑफिसातून कागद आला एवढाच असतो. मराठीत दोन्हीला कचराच, घनकचरा, ई-कचरा, जे आपल्या नियमांत रूढ आहे ते.

देस्पेर्दिसियोला मात्र नाही हं. स्पेनने २०२५ मध्ये त्यावर कायदा केलाय, त्याला तू "अन्न कचरा कायदा" म्हटलंस. देस्पेर्दिसियो म्हणजे वाया घालवणं, ती कृती आहे. नासाडी. अन्नाची नासाडी. लग्नाच्या पंगतीत पानात टाकतात त्याला आपण नासाडी म्हणतो ना, तेच. मेक्सिकोतल्या फॅक्टरीत हाच शब्द कापून उरलेल्या मालाला वापरतात, तेव्हा तो विकला जातो, तेव्हा स्क्रॅप किंवा भंगार. चातार्राला तर सरळ भंगार, तो बास्क भाषेतून आलेला शब्द आहे, जुनं लोखंड, आणि चातार्रेरो म्हणजे भंगारवाला, इतकी सरळ जोडी क्वचित मिळते.

एक खाणीतला शब्द पण सांगून ठेवते, या फाइलमध्ये नाहीये पण पुढे येईल. एस्तेरिलेस. भाषांतराचं मशीन त्याचं निर्जंतुक करून देतं. खाणीत एस्तेरिल म्हणजे ज्यात कामाचं खनिज नाही असा दगड-माती, जो बाजूला रचून ठेवतात. आणि चिली-पेरूमध्ये रेलावे म्हणजे खनिज धुऊन काढल्यावर उरणारा चिखल. चिलीत १९६५ च्या भूकंपात एल कोब्रे इथे अशा चिखलाचा बांध फुटून दोनशेपेक्षा जास्त लोक गेले. त्याला नुसता "खाणीचा कचरा" म्हटलं तर वाचणाऱ्याला कळणारच नाही की माणसं कशाखाली गेली. खनिज धुतलेला गाळ, असं दोन-तीन शब्दांत लिही, जागा लागली तर लागू दे. गोव्यातली मराठी वर्तमानपत्रं खाणीच्या ढिगांना डंप म्हणतात, तिकडच्या वाचकांसाठी असेल तर तेच वापर.

आता माणसं. ही गोष्ट मी शेवटी ठेवली कारण इथे माझं मत पक्कं आहे आणि मी त्यात सूट देणार नाही. तुझ्या चौदाव्या पानावर रेसिक्लादोरेसचं, म्हणजे कचऱ्यातून पुन्हा वापरता येणारं वेचणाऱ्यांचं, तू "कचरेवाले" केलंस आणि मेक्सिकोतल्या पेपेनादोरचंही कचरेवाले. पेपेनादोर हा शब्द नाहुआत्ल भाषेतून आलाय, पेपेना, म्हणजे पडलेलं उचलणं आणि त्यातून निवडणं. मराठीत याला इतका तंतोतंत शब्द आहे की मला पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला. वेचणे. आपण कापूस वेचतो, फुलं वेचतो, तांदळातले खडे वेचतो, त्यात उचलणंही आलं आणि पारखणंही आलं. कचरावेचक. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही वेचकांची संघटना आहे, तिच्यातल्या बायकांनी हा शब्द स्वतःसाठी मागून घेतलाय आणि संघटनेच्या नावात तर कचरा हा शब्दच नाही बघ, कागद आहे, काच आहे, पत्रा आहे. ज्याला त्या हात लावतात त्याची नावं आहेत. ब्वेनोस आयरेसमध्ये २००१ च्या आर्थिक संकटानंतर हजारो लोक रात्री पुठ्ठे गोळा करायला लागले, ते स्वतःला कार्तोनेरो म्हणतात, कार्तोन म्हणजे पुठ्ठा. तोच तर्क, जगाच्या दोन टोकांना.

आणि कोलंबियात याच्या उलटं काय झालं तेही माहीत असू दे. तिथे रस्त्यावर राहणाऱ्यांना, कचरा वेचणाऱ्यांना एके काळी सर्रास देसेचाब्लेस म्हणायचे, म्हणजे वापरून फेकायचे, डिस्पोजेबल. देसेचो या त्याच धातूतून. १९९२ मध्ये बारांकिया शहरात पुठ्ठे देतो म्हणून वेचकांना एका युनिव्हर्सिटीच्या आवारात बोलावून मारण्यात आलं, प्रेतं विकण्यासाठी. एक जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिला आणि नंतर पोलिसांकडे गेला, म्हणून ते उघडकीला आलं. १ मार्च हा कचरावेचकांचा दिवस म्हणून पाळतात तो त्यामुळे. २००३ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने वेचकांच्या बाजूने निकाल दिला आणि २००८ मध्ये बोगोतात जगभरातले वेचक जमले तेव्हा त्यांनी इंग्रजीत आपल्याला काय म्हणायचं हेसुद्धा बसून ठरवलं. लोक आपल्या नावासाठी इतकं भांडलेत, तर आपण ते नाव नीट लिहायचं. देसेचाब्ले कोणाच्या तोंडचं वाक्य म्हणून आलं तर ते गुळगुळीत करू नकोस, "टाकाऊ माणसं" असंच लिही, वाचणाऱ्याला लागू दे. पण लेखकाच्या स्वतःच्या वाक्यात रेसिक्लादोर असेल तर कचरावेचक, दुसरं काही नाही.

तू शेवटी विचारलंयस की उलट दिशेने, म्हणजे मराठीतून स्पॅनिशमध्ये जाताना निर्माल्य कसं करायचं, कारण तुझ्याकडे गणपती विसर्जनावरचा लेख आहे. मी दोनदा केलंय. एकदा कोणीतरी माझं वाक्य बदलून रेसिदुओस फ्लोरालेस छापलं होतं, फुलांचा कचरा, आणि मला ते अजून टोचतं, कारण निर्माल्य पायदळी जाऊ नये म्हणून तर आपण कलश ठेवतो. दुसऱ्यांदा मी "फ्लोरेस या ओफ्रेंदादास" लिहिलं, देवाला वाहून झालेली फुलं. थोडं लांब होतं आणि एका शब्दाचे तीन झाले, पण त्यात कोणीतरी ती वाहिली हे तरी राहतं. याहून चांगलं मला सुचलेलं नाही. तुला सुचलं तर पाठव, आणि ती एकसष्ट ठिकाणं एकेक करून पुन्हा बघ, रविवारपर्यंत झाली तरी चालतील. चिपाडाच्या पानासाठी मामांच्या मुलाशी बोलून घे, गुऱ्हाळ आता तोच चालवतो. त्याला मी सांगून ठेवलंय.

तुझी,
ताई