आवळलेल्या स्नायूंना आणखी आवळू नये

प्रश्न : माझे वय ३४ वर्षे आहे. बाळंतपणानंतर मी कीगल व्यायाम, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम, नियमित करते. तरीही लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, शौचाला कुंथावे लागते आणि संबंधांच्या वेळी दुखते. लघवीच्या तपासणीत व सोनोग्राफीत काही आढळले नाही. व्यायाम वाढवावा का?

उत्तर : वाढवू नये, तूर्त थांबवावाच. ही लक्षणे ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे असलेले पेल्विक फ्लोअरचे स्नायू सैल पडल्याची नसून, ते सतत आवळलेले राहत असल्याची असू शकतात, आणि अशा स्नायूंना आणखी आवळायला लावले की दुखणे बळावते. बाळंतिणीला सरसकट कीगल सुचवण्याची पद्धत आम्हाला मान्य नाही.

पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर टेकवाव्यात, एक हात बेंबीखाली ठेवावा आणि नाकाने सावकाश श्वास घ्यावा; पोट वर येते तेव्हा श्वासपटल (छाती व पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) खाली सरकते आणि गुदद्वाराभोवतीचा भाग अलगद सैल होताना जाणवतो. श्वास सोडताना काहीही आवळू नये. असे ५ मिनिटे, दिवसातून २ वेळा करावे. शौचाला बसताना कमोडपुढे पाट ठेवून गुडघे कंबरेपेक्षा उंच घ्यावेत. दिवसभर पोट आत ओढून धरणेही सोडावे. फोटोपुरते ठीक आहे.

निदान मात्र प्रत्यक्ष तपासणीनेच होते, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून या विषयातील फिजिओथेरपिस्टकडे जावे. लघवी पूर्ण अडली, तिच्यात रक्त दिसले किंवा मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.