आऊटबोर्ड मशीन (होडीच्या मागे बसवलेलं इंजिन) एका दोरीत सुरू होतं, पण दोन-तीन मिनिटांत बंद पडतं. काय बघू?

तुम्ही दिलेली माहिती अशी: नवी मुंबईतल्या दिवाळे गावची फायबर होडी, १५ एचपी टू-स्ट्रोक, पावसाळ्यात दोन महिने उभी होती, नारळी पौर्णिमेनंतर काढली. पहिल्या-दुसऱ्या दोरीला सुरू होतं, दोन-तीन मिनिटं चालतं, आचके देत विझतं. थोडं थांबलं की पुन्हा सुरू. नवीन प्लग टाकून फरक नाही.

मग प्लगचा नाद सोडा. स्पार्क गेला तर मशीन बटण दाबल्यासारखं एकदम बंद होतं. आचके देत विझतंय म्हणजे पेट्रोल पोचत नाही. कार्बोरेटरच्या वाटीत असतं तेवढ्यावर ते दोन मिनिटं चालतं आणि वाटी रिकामी झाली की मरतं.

आधी फुकटातलं बघा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पूर्ण उघडा आहे ना? खाऱ्या हवेने तो आतून धरतो. फिरतो, पण हवा जात नाही. मशीन विझलं की लगेच झाकण सैल करा. 'सुस्स' करून हवा आत ओढली गेली तर रोग सापडला.

ते नसेल तर रबरी बल्बची, म्हणजे टाकी आणि मशीनमधल्या पाइपवरच्या हातपंपाची परीक्षा. माझ्या मते सगळ्यात जास्त याच्यातूनच कळतं. दुसऱ्या माणसाला बल्बपाशी बसवा आणि मशीन विझायला लागलं की बल्ब दाबायला सांगा.

दाबल्यावर मशीन सावरलं आणि दाबत राहीपर्यंत चालत राहिलं, तर फ्युएल पंपाचा पडदा कडक झालाय किंवा फाटलाय, नाहीतर पाइप कुठेतरी हवा ओढतोय. बल्ब चपटा होऊन आत गेलेला दिसला तर अडथळा बल्बच्या मागे, टाकीकडे आहे: हवेचा स्क्रू, टाकीतल्या नळीची जाळी किंवा पाइपचं आतलं अस्तर सुटून बसलेलं. (हे अस्तर बाहेरून दिसत नाही. पाइप जुना असेल तर शंका न घेता बदला.) दाबल्यावर उलट धूर सोडून लगेच मेलं, तर कार्बोरेटरची सुई (वाटी भरल्यावर पेट्रोल थांबवणारी) बसत नाही आणि पेट्रोल जास्त होतंय. काहीच फरक पडला नाही, पण चोक अर्धा ओढल्यावर सावरलं, तर जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकाची पितळी नळी, चोंदलाय.

बल्बवरचा बाण मशीनकडे हवा. भरताना मशीनकडचं तोंड वर धरा, म्हणजे आतले व्हॉल्व नीट बसतात. टाकीकडच्या कनेक्टरमधली ओ-रिंग चिरली असेल तर तिथून हवा शिरते, आणि गंमत म्हणजे पेट्रोलचा थेंबही बाहेर येत नाही, कारण तिकडे ओढ असते, दाब नसतो. म्हणून नुसतं बघून गळती शोधू नका. शेजारच्या होडीची टाकी-पाइप दहा मिनिटं मागून लावा. मशीन नीट चाललं तर तुमचं कार्बोरेटर निर्दोष. फक्त त्याचं मशीन फोर-स्ट्रोक नाही ना ते विचारा. त्याच्या पेट्रोलमध्ये ऑइल नसेल आणि तुमचं पिस्टन धरेल.

आता पेट्रोल. हल्ली पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल पाणी ओढतं. बऱ्याच आऊटबोर्डना कंपनी १० टक्क्यांपर्यंतच चालेल म्हणते. पावसाळाभर अर्धी टाकी ठेवली की हवेतला ओलावा त्यात उतरतो, पुरेसं पाणी झालं की इथेनॉल-पाण्याचा थर तळाला जातो, आणि नळीचं तोंड तळालाच असतं! काचेच्या बरणीत टाकीच्या तळाचं पेट्रोल काढून अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला तर सगळं काढून टाका, वर नवीन ओतून ते सुधारत नाही. खाडीत मात्र ओतू नका. नवीन मिश्रण ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली, १० लिटरला २०० मिली. तुमच्या मशीनच्या पुस्तकात वेगळं असेल तर तेच. ऑइल टीसी-डब्ल्यू३ (टू-स्ट्रोक आऊटबोर्डच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं घ्या, स्कूटरचं टू-टी नको.

दोन महिने उभ्या मशीनमध्ये जेटही बघावाच लागतो. वाटीच्या खालचा ड्रेन स्क्रू काढून बरणीत घ्या; तळाशी पाण्याचे मणी किंवा हिरवट कचरा आला तर कार्बोरेटर उघडा. कार्बोरेटरचा एअर स्क्रू (टाकीचा नव्हे) काढण्याआधी हलक्या हाताने आत बसवून किती फेरे गेले ते लिहून ठेवा. जेटच्या भोकात तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट गेला. कार्ब क्लीनर मारून पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने फुंका आणि पलीकडून उजेड आरपार दिसतो का बघा. पायलट जेटचं (मंद चालीच्या जेटचं) भोक केसाएवढं असतं, घाई करू नका. आसपास विडी-काडी अर्थातच नको.

गिअर टाकल्यावरच बंद पडत असेल तर वेगळी गोष्ट: पंख्यात प्लास्टिक पिशवी किंवा जाळ्याचा दोरा, नाहीतर आयडल (मंद चाल) कमी. आणि दहा-पंधरा मिनिटांनी गरम होऊन पडत असेल तर मशीन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची पिचकारी बघा. ओहोटीला आपल्या खाडीचा गाळ ओढून इम्पेलर (पाण्याच्या पंपातला रबरी पंखा) लवकर झिजतो.

चाचणी कोरड्यात घेऊ नका, इम्पेलर मिनिटभरातही जळू शकतो. जेटीला पुढून-मागून बांधून, भरतीच्या पाण्यात, गिअर टाकून पंधरा मिनिटं चालवा. तेवढं न विझता चाललं तरच वाशी पुलाकडे काढा, आणि पहिल्या फेरीला वल्ही आणि नांगर होडीत असू द्या.