हिरवा चिखल आणि अकराव्या दिवशी थांबलेली वही

या खेपेच्या पत्रांत चित्रकलेचे प्रश्न इतके आले की बाकीच्या छंदांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल.

प्रश्न: दर रविवारी सकाळी रंकाळ्यावर जलरंगात काम करतो. पलीकडची झाडी हमखास शेवाळल्यासारखी मळकट होते आणि पाणी पाण्यासारखं दिसतच नाही. व्हिडिओत दाखवतात तसंच सगळं करतो, मग चुकतं कुठं? (वय 23, शिवाजी पेठ)

उत्तर: हे दोन वेगळे दोष आहेत. झाडीचा दोष बहुतेक वेळा रंगात नसतोच, कागदाच्या ओलीत असतो. वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, दिल्यावर कागद चार अवस्थांतून जातो. आधी पाणी चकाकतं. मग चकाकी मंदावून नुसती ओलसर झाक उरते. मग झाकही जाते, पण हाताची मागची बाजू हलकेच टेकवली तर कागद गार लागतो. शेवटी तो गारवाही जातो. पहिल्या दोन अवस्थांत दुसरा रंग सोडता येतो. फक्त दुसऱ्या अवस्थेत ब्रशवर कागदापेक्षा कमी पाणी हवं, नाहीतर ते पाणी रंगाला बाहेर ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उमटतात. तिसऱ्या अवस्थेत हात लावायचा नाही. मंडळी नेमकी इथंच 'एवढी एक फांदी काढून घेऊ' म्हणून ब्रश टेकवतात. खालचा अर्धवट बसलेला रंग उठतो, वरच्यात कालवला जातो, आणि झाला चिखल.

व्हिडिओतली मिनिटं आपल्याकडं लागू पडत नाहीत ती याचमुळं. आषाढात कोल्हापुरात एक वॉश वीस-वीस मिनिटं ओला राहतो. एप्रिलच्या दुपारी तोच दोन मिनिटांत कोरडा. घड्याळ बघू नका. कागद डोळ्यांच्या पातळीला आडवा धरून चकाकी बघा.

आता हिरव्याबद्दल. ट्यूबमधला सॅप ग्रीन जसाच्या तसा लावला तर झाड प्लास्टिकचं दिसतं, आणि मग ते सुधारायला त्यात चार रंग घातले जातात. एका मिश्रणात तीनच्या वर रंग नकोत. उन्हातल्या पानांना लेमन यलो आणि प्रशियन ब्लू पुरे. प्रशियन ब्लू ब्रशच्या टोकाला लागेल एवढाच घ्या, तो पिवळ्याला एका घासात गिळतो. सावलीतल्या गर्द भागाला त्याच हिरव्यात बर्न्ट सिएना घाला. तांबूस छटेनं हिरवा मरतो आणि झाडी मागं सरकते. काळा वापरू नका. पंचगंगा घाटाचा काळा दगड रंगवायचा असला तरी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून जो करडा होतो तोच खरा: निळा जास्त पडला तर ओला दगड, तांबडा जास्त पडला तर उन्हात तापलेला.

पाणी पाण्यासारखं दिसत नाही, कारण तुम्ही ते निळं रंगवत असणार. स्थिर पाणी म्हणजे उलटं पडलेलं आभाळ आणि उलटा पडलेला काठ. उजळ वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडं गडद येतं, गडद वस्तूचं थोडं फिकं. हा एक फरक सांभाळला की अर्धं काम झालं. प्रतिबिंब कायम वस्तूच्या सरळ खाली उतरतं, तिरकं जात नाही. ते आधी उभ्या फटकाऱ्यांनी ओल्यावर सोडा, कागद पूर्ण सुकू द्या, मग दोनच आडव्या रेषा जवळजवळ कोरड्या ब्रशनं ओढा. दहा ओढल्यात की पाण्याची चटई होते.

जागा रंकाळा चौपाटीची घेत असाल तर सकाळी 7 ते 9 ची वेळ उत्तम, ऊन पाठीमागून येतं आणि समोरचा काठ उजळतो. संध्याकाळी तोच काठ नुसती काळी आकृती होतो. ते चित्र सोपं आणि बऱ्यापैकी घासून गुळगुळीत झालेलं. बसताना कागदावर थेट ऊन पडू देऊ नका. उन्हात रंग उजळ भासतो, म्हणून हात आपोआप गडद लावतो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं.

प्रश्न: पावसाळ्यात कागद ब्लॉटिंग पेपरसारखा रंग पितो. कागद खराब लागला का? (वय 20, कसबा बावडा)

उत्तर: विकत घेतला तेव्हा बहुधा चांगलाच असेल. जलरंगाच्या कागदाला सरस किंवा तत्सम द्रव्य दिलेलं असतं, रंग वर थांबतो तो त्याच्या जोरावर. महिनोन्‌महिने दमट हवेत उघडा पडलेला कागद हे बळ घालवतो. वॉश दिला की बारीक गडद ठिपके उमटतात, हीच खूण. असा कागद दुरुस्त होत नाही, पेन्सिलीला ठेवा. नवा कागद मात्र प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह, भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात आडवा ठेवा. शेणी-लाकडं आणि कागद एकाच माळ्यावर नकोत. रंगाची पेटीही ओली मिटू नका, वड्यांवर बुरशी चढते.

घेताना 300 जीएसएमच्या खाली जाऊ नका. त्याहून पातळ कागद पाण्यानं फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. पैसे वाचवायचे तर आकारात वाचवा. 22 बाय 30 इंचाच्या एका पूर्ण शीटचे आठ तुकडे होतात, साधारण साडेसात बाय अकराचे. शिकायला एवढा आकार पुष्कळ.

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत फिरत्या शिफ्टला आहे. 1 जानेवारीला 'रोज एक स्केच' ठरवलं, अकराव्या दिवशी थांबलं. आता वही उघडायचीही लाज वाटते. (वय 26)

उत्तर: रात्रपाळी करून आलेल्या माणसानं 'रोज'चा संकल्प करणं म्हणजे स्वतःशीच कुस्ती धरणं. पहिली सुट्टी पडली की साखळी तुटते, आणि साखळी तुटली की सगळंच गेलं असं वाटतं. संकल्पाचं माप बदला. दिवसाऐवजी पानं मोजा: आठवड्याला सहा पानं, मग ती एका रविवारी होवोत की सहा चहाच्या सुट्ट्यांत.

वही खिशात मावेल अशी आणि स्वस्त घ्या. महागाच्या वहीत पहिलं पान खराब होईल या भीतीनं माणूस चितारतच नाही. पेन 0.3 किंवा 0.5 मिमीचं, पाण्यानं न पसरणारं. पेन्सिल नको, खोडता येतं म्हटलं की सुट्टीच्या पंधरा मिनिटांतली दहा खोडण्यात जातात. चितारण्याचा क्रम असा: 30 सेकंदांची तीन रेखाटनं, 2 मिनिटांची दोन, उरलेल्या वेळात एक. पहिल्या तीनमध्ये फक्त कल आणि तोल पकडायचा, म्हणजे बाकावर बसलेल्या माणसाची पाठ किती वाकली आहे, वजन कोणत्या पायावर आहे. चेहरा शेवटी. डोळ्यांपासून सुरुवात केली की डोकं मोठं होतं आणि पाय पानाबाहेर जातात, हे जवळजवळ ठरलेलं.

विषय शोधत बसू नका. हातमोजे, डबा, टांगलेली हेल्मेटं, खुर्चीवर टाकलेला शर्ट. एकच वस्तू आठवडाभर धरली तर सहाव्या पानावर हात मोकळा झालेला स्वतःलाच दिसतो. प्रत्येक पानावर तारीख आणि लागलेली मिनिटं लिहा. आणि त्या अकरा पानांनंतर कोरं पान सोडू नका. बाराव्यावरच आजची तारीख घाला.

प्रश्न: मोबाईलवर दिसलेली चित्रं बघून काढते. मैत्रिणी म्हणतात ही चोरी. (वय 19, राजारामपुरी)

उत्तर: शिकण्यासाठी नक्कल पूर्वापार चालत आली आहे. मागच्या बाजूला मूळ चित्रकाराचं नाव लिहा, विकू नका, स्वतःचं म्हणून दाखवू नका. पण स्क्रीनवरून नक्कल करण्यात खरा तोटा वेगळाच: कागदाचा पोत, रंगाची जाडी, ब्रश कुठं उचलला, हे काहीच दिसत नाही. तुमच्याच राजारामपुरीत अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. नुसत्या रंगाच्या पावडरीनं छटा कशा चढवल्या ते तिथं हातभर अंतरावरून बघा. टाउन हॉलच्या संग्रहालयात कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांचं काम आहे. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थ हे तलाव पुन्हापुन्हा रंगवले. त्यांचं काम पाहून आलात की तीच जागा स्वतः चितारा. नकलेतून बाहेर पडायला हा रस्ता जवळचा.

प्रश्न: शाहू स्मारकच्या दालनात एकट्याचं प्रदर्शन भरवायचं ध्येय आहे. किती चित्रं लागतील? (वय 24, फुलेवाडी)

उत्तर: आकड्याआधी भिंत मोजा. 11 बाय 15 इंचाच्या चित्राला चारी बाजूंनी अडीच इंच माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, सोडला की फ्रेम 16 बाय 20 येते. आडवी लावली तर 20 इंच फ्रेम आणि 10 इंच मोकळी जागा, म्हणजे चित्रामागं अडीच फूट. 20 चित्रांना 50 फूट भिंत. टांगायला 20 हवीत तर हाती 30 तयार ठेवा. दहा गळतातच, आणि ती गाळण्याचं काम दुसऱ्याला सांगा, स्वतःच्या चित्रावर माया असते.

माउंट फक्त शोभेला नसतो. जलरंगाचं चित्र काचेला चिकटलं तर आपल्या हवेत आत ओल धरते आणि बुरशीचे ठिपके येतात. माउंट आम्लविरहित मागा, नाहीतर काही वर्षांत कागदाच्या कडा पिवळ्या पडतात. फ्रेमच्या आधी प्रत्येक चित्राचा ढगाळ उजेडात फोटो काढा, काच बसल्यावर चमक येते.

किंमत एका आकाराला एकच ठेवा. स्वतःला जास्त आवडलेल्या चित्राला जास्त भाव लावला की बघणारा उरलेली चित्रं दुय्यम समजतो. फ्रेमचा खर्च वेगळा धरा.

यंदा एकट्याचं नको. चौघांनी मिळून पाच-पाच चित्रं लावा, भाडं विभागेल. दिवसभर दालनात बसून लोक कोणत्या चित्रापुढं थांबतात आणि कोणत्या चित्रापुढं मोबाईल काढतात, याची नोंद त्याच खिशातल्या वहीत करा.