एकच प्रतिमा, वेगळे प्रभुभोजन

प्रश्न : सर्व माणसे देवाच्या प्रतिमेत निर्माण झाली, असे बायबल सांगत असताना दक्षिण आफ्रिकेतील चर्चने वर्णभेदाला थारा कसा दिला?

उत्तर : उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील ते वचन कोणी खोडले नाही, नाकारले गेले ते एकत्र प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकरी व द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी. १८५७ मध्ये डच रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट चर्चच्या सिनॉडने (धर्मसभेने) काहींच्या ‘दुर्बलते’चे, म्हणजे खरे तर गोऱ्यांच्या पूर्वग्रहाचे, निमित्त करून वेगळ्या उपासनेला मुभा दिली आणि १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी निराळे चर्चच स्थापन झाले. पुढे त्याच निराळ्या चर्चने १९८२ मध्ये केपटाउनजवळील बेल्हार येथे विश्वासपत्राचा, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत निवेदनाचा, मसुदा मांडला व १९८६ मध्ये तो स्वीकारून, माणसांतील नैसर्गिक विविधतेलाच अंतिम सत्य ठरवणारी शिकवण फेटाळली. वर्णभेद हा ख्रिस्ताने घडवलेल्या समेटाचाच नकार आहे, ही त्यातील भूमिका मला केवळ राजकीय निषेधापेक्षा अधिक मूलगामी वाटते.