लॅपटॉपवाला तुमच्याकडे का आला होता?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा यांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुण साठ-बासष्टच्या आसपास, गणितात अडखळतो, वर्कशॉपमध्ये मात्र रमतो. तुम्ही स्वतः २६ वर्षं कारखान्यात आहात, त्यातली १७ देखभाल विभागात गेली. आता यंत्रायंत्रांवर सेन्सर बसले, भिंतीवर मोठे पडदे लागले, आणि ‘हात काळे करणाऱ्यांचे दिवस संपले’ असं तुमचं ठाम मत झालं आहे. म्हणून मुलानं पदविका सोडावी आणि एआयचा एक वर्षाचा कोर्स करावा. अर्ज भरून तयार आहे, फक्त त्याची सही व्हायची आहे. मी त्याची समजूत घालावी, अशी तुमची अपेक्षा आहे.

ती मी घालणार नाही. त्याऐवजी तुमच्याशीच बोलायचं आहे.

पत्रात एक वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे: ‘(हल्ली तो माझ्याशी फारसं बोलत नाही, पण अभ्यासाला बसतो.)’ गुणांवर अर्धं पान, आणि हे कंसात. मला पत्रात काळजी वाटली ती याच ओळीची. तुम्ही सांगितलंत आणि मुलानं टाइप केलं, असंही तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे बाप आपल्याबद्दल काय म्हणतो ते त्याला स्वतःच्या बोटांनी टाइप करावं लागलं, तेही शेजारी बसून, काही न बोलता.

पुढे तुम्ही आणखी तीन गोष्टी सांगता. वर्कशॉपमध्ये उशिरापर्यंत थांबला म्हणून महिनाभर फोन काढून घेतला. घरी टेबलावर त्यानं एक जुनी मोटर उघडली होती, ती तुम्ही भंगारात दिली. आणि घरात यंत्राचा विषय काढायचा नाही, असा नियम केला. तुमच्या लेखी ही शिस्त आहे. मला स्पष्ट सांगू द्या, मोटर भंगारात देणं ही शिस्त नव्हे. १९ वर्षांच्या मुलानं अर्धवट उघडलेलं काम त्याला न विचारता उचलून नेलंत, तर तो एवढंच शिकतो की ज्यात आपला जीव रमतो ते घरच्यांपासून लपवायचं असतं. आणि हे वेड त्याला लागलं कुठून? तुमच्याच पत्रात आहे. लहानपणी तो तुमच्या हत्यारांच्या पेटीतले पाने मापाप्रमाणे लावून ठेवायचा, आणि तुम्ही त्याला कौतुकानं ‘हेल्पर’ म्हणायचात.

आता तुमच्या विभागातल्या त्या प्रसंगाबद्दल. आठ महिन्यांपूर्वी एक तरुण लॅपटॉप घेऊन आला, दोन आठवडे तुमच्या शेजारी खुर्ची टाकून बसला. कुठलं यंत्र कसं कुरकुरतं, कधी तापतं, बंद पडण्याआधी काय होतं, तो विचारत गेला आणि तुम्ही सांगत गेलात. मग साहेबांसमोर सादरीकरण झालं, त्यात तुमचं नाव कुठेच नव्हतं. ‘माझ्या डोक्यातलं सगळं काढून घेतलं आणि कॉम्प्युटरमध्ये भरलं’ असं तुम्ही लिहिता. तुमच्यावर त्या दिवशी अन्याय झाला. ज्याच्या तोंडून ज्ञान घेतलं त्याचं नाव पहिल्या पानावर हवं होतं. पण मुलाचा अर्ज तुम्ही त्याच दिवसाच्या रागात भरला आहे, असं मला वाटतं. आपण खुर्चीच्या चुकीच्या बाजूला बसलो, निदान मुलगा तरी लॅपटॉपच्या बाजूला बसावा, एवढाच त्यामागचा हिशेब आहे.

तो हिशेब चुकतो आहे. तो तरुण तुमच्याकडे का आला होता, याचा विचार करा. कंपनं मोजणारा सेन्सर सेकंदाला हजारो आकडे पाठवतो. पण १४ तारखेला सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी आलेखात जे टोक वर गेलं, ते बेअरिंग खराब झाल्यामुळे गेलं, टूल बदलल्यामुळे गेलं की शेजारून फोर्कलिफ्ट गेल्यामुळे, हे त्या आकड्यांना माहीत नसतं. ते कुणीतरी सांगावं लागतं. बिघाडाचा अंदाज बांधणाऱ्या प्रणालीला जुने बिघाड नाव-गावासह शिकवावे लागतात, आणि बहुतेक कारखान्यांत घोडं इथंच अडतं. देखभालीची वही उघडली की पानामागून पान ‘दुरुस्त केले, चालू’ एवढंच लिहिलेलं असतं. काय बिघडलं होतं? कशानं? अशा तीनशे नोंदींमधून कुठलंही गणिती मॉडेल काही शिकू शकत नाही. म्हणून लॅपटॉपवाल्याला खुर्ची ओढून तुमच्याजवळ बसावं लागलं.

मी समुपदेशनात येण्याआधी ११ वर्षं एका कारखान्यात देखभालीचं काम केलं. तिथे एका मोठ्या पंपावर नवीन सेन्सर बसवले होते. दर सोमवारी सकाळी प्रणाली धोक्याचा इशारा द्यायची: बेअरिंग जाणार. आम्ही दोनदा पंप उघडला. दोन्ही वेळा बेअरिंग ठणठणीत. तिसऱ्या सोमवारी मी पुन्हा पाने घेऊन निघाले, तेव्हा आमच्या जुन्या फिटरनं पंपाच्या अंगावर तळहात ठेवला आणि म्हणाला, ‘बाई, रविवारी बंद होता ना? तेल गार आहे. अर्धा तास चालू द्या.’ अर्ध्या तासानं इशारा आपोआप गेला. तेलाचं तापमान ठरावीक आकड्यापर्यंत चढेपर्यंत इशारा धरायचा नाही, असा नियम मग प्रणालीत घातला गेला. तो नियम लिहिणारी मी होते. पण मला तो त्या तळहातानं सांगितला होता, आणि माझ्याही अहवालात त्या माणसाचं नाव आलं नाही. ते आजही मला लागतं, म्हणून तुमचं पत्र दोनदा वाचलं.

तुमच्या मनात एक मोठा गैरसमज आहे, त्याबद्दल जरा सविस्तर. ‘आता दिवे न लावता चालणारे कारखाने येणार, आत माणूसच नसणार.’ असे विभाग आहेत. एकाच प्रकारचं काम असेल तर यंत्रं रात्रभर एकटी चालतात. पण त्यावरून सगळ्या कारखानदारीचं भविष्य ठरत नाही. जर्मनीतल्या आम्बेर्गचा सीमेन्सचा कारखाना १९८९ साली सुरू झाला, डिजिटल उत्पादनाचं उदाहरण म्हणून जगभरातून लोक तो बघायला जातात. तिथलं उत्पादन अनेक पटींनी वाढलं, आणि तरीही हजाराहून जास्त माणसं तिथे काम करतात. टेस्लानं मॉडेल ३ च्या वेळी उलटी वाट धरून पाहिली, जमेल ते सगळं यंत्रांवर सोपवलं. उत्पादन अडकलं. २०१८ साली इलॉन मस्क यांनी अति-स्वयंचलन ही आपली चूक होती अशी जाहीर कबुली दिली, आणि सरकपट्ट्यांचं एक गुंतागुंतीचं जाळं काढून टाकावं लागल्याचंही सांगितलं. त्याहून जुनी गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या धंद्याची आहे. १९६८ च्या सुमारास जनरल मोटर्सला रिलेंनी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांनी, भरलेली पॅनेलं नकोशी झाली होती, कारण दरवर्षी गाडीचं मॉडेल बदललं की सगळं वायरिंग उपसायचं. त्यातून अभियंता डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मॉडिकॉन ०८४ हा पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा संगणक, आला. त्याची भाषा कशी ठेवली? रिलेच्या आकृतीसारखी, शिडीच्या पायऱ्यांसारखी, म्हणजे पॅनेलवर काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला ती वाचता यावी. लॅडर म्हणून आजही तीच चालते. कारखान्यात संगणक शिरला तो इलेक्ट्रिशियनची भाषा शिकून.

तुमची भीती साफ खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. कॅमेरे मालाची तपासणी करतात, स्वयंचलित गाड्या माल वाहतात, कागदावरून आकडे उतरवून घेण्याचं काम जवळपास गेलंच. बारकोड वाचला की साठा, मागणी, बिल सगळीकडे नोंद होते, त्यामुळे कार्यालयातल्याही खुर्च्या कमी झाल्या. नुसतं बटण दाबणाऱ्याचं काम धोक्यात आहे. पण नुसता लॅपटॉप उघडून ठरावीक अहवाल काढणाऱ्याचंही तितकंच धोक्यात आहे, आणि हे तुम्हाला कोर्सवाल्यांनी सांगितलेलं नाही. त्यांचं माहितीपत्रक तुम्ही जोडलंत ते मी पाहिलं. वर्षभरात नऊ साधनांची तोंडओळख, शेवटी प्रमाणपत्र. त्यात यंत्र नाही, सेन्सर नाही, खऱ्या कारखान्यातला आकड्यांचा एकही संच नाही. गणितात अडखळणाऱ्या मुलाला हातातलं काम सोडायला लावून तुम्ही शुद्ध गणिताच्या दारात उभं करताय. हे मला पटत नाही.

मार्गाचं म्हणाल तर नवीन काही नाही: पदविका पूर्ण करायची, पुढे जमेल तशी पदवी, नाहीतर नोकरी धरून शिक्षण.

आता पत्राच्या तळाशी मुलानं स्वतःहून जोडलेल्या दोन ओळी. तुम्ही पाठवण्याआधी वाचल्यात की नाही, मला माहीत नाही. तो लिहितो: ‘बाबा मोटरला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावायचे आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. तोच आवाज मला आलेखात बघायचा आहे, पण आता विचारायची सोय नाही.’

बाळा, तुला थेट सांगते. तू जे म्हणतोयस त्याला या क्षेत्रात नाव आहे, यंत्रांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्याचं ते काम आहे, आणि त्यासाठी पदविका सोडावी लागत नाही. मोटर मिनिटाला १५०० फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला २५. बेअरिंगमध्ये ९ गोळ्या असतील आणि बाहेरच्या कडीवर खड्डा पडला असेल, तर साधारण ९ गुणिले २५ गुणिले ०.४ (हा ढोबळ गुणक आहे), म्हणजे सेकंदाला ९० च्या आसपास ठोके पडतात. आतल्या कडीवर असेल तर ०.४ ऐवजी ०.६, म्हणजे सुमारे १३५. बाबांचा कान इतकी वर्षं हाच फरक ओळखत आला आहे. तू ज्या गणितात अडखळतोस ते इथून शिकायला घे. लाटा, वारंवारता, मग थोडं संख्याशास्त्र, मग पायथन ही संगणकाची भाषा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पीएलसी असेल तर त्याच्या मागे लाग, लॅडर हातानं लिही. सेन्सरची तार बहुतेक वेळा ४ ते २० मिलीअँपिअर प्रवाहावर का चालवतात ते शिक्षकांना विचार. शून्यापासून सुरुवात केली असती तर माप शून्य आहे की तार तुटली आहे, हे कळलंच नसतं. असे प्रश्न ज्याला पडतात, त्याची या कामात गरज आहे.

आणि तुम्ही. पत्र मुलाच्या करिअरचं असलं तरी त्यात दुसऱ्या एका माणसाचंही करिअर अडकलेलं मला दिसतं. तुमच्या निवृत्तीला ९ वर्षं आहेत. नऊ वर्षं ही शिकायला भरपूर आहेत. साहेबांकडे जा आणि त्या प्रणालीच्या प्रशिक्षणात माझंही नाव घाला, म्हणून सांगा. आलेख वाचायला शिका. देखभालीच्या वहीत ‘दुरुस्त केले, चालू’ लिहिणं बंद करून काय बिघडलं, कशानं, आधी काय जाणवलं, या तीन गोष्टी लिहायची पद्धत तुम्ही सुरू करा, आणि खाली तुमचं नाव लिहा. पुढच्या सादरीकरणात ते नाव दिसलं पाहिजे, हेही मागा. मागायला लाजू नका. २०१९ च्या मार्चमध्ये नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनिअम कंपनीवर सायबर हल्ला झाला, कंपनीचे जगभरातले संगणक बंद पडले. तेव्हा अनेक ठिकाणी कामगारांनी यंत्रं हातानं चालवून उत्पादन चालू ठेवलं, आणि जुनी पद्धत माहीत असलेले काही निवृत्त कामगारही मदतीला परत आले. पडदा बंद झाल्यावर काय करायचं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कंपनीनं विसरू नये, आणि त्यानं स्वतःलाही निकामी समजू नये.

अर्जाची मुदत या महिन्याच्या शेवटी आहे असं तुम्ही लिहिलंय. ती जाऊ द्या. त्याआधी मुलासाठी एक जुनी मोटर मिळवा, भंगारवाल्याकडे तीच शिल्लक असली तर फारच उत्तम. टेबलावर ठेवा, स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात द्या, मूठ त्याच्या कानाला लावा, आणि तुम्हाला काय ऐकू येतं ते सांगा. फोनवर कंपनं मोजणारी ॲपं फुकट मिळतात, आलेख तो काढेल. पुढच्या पत्रात त्या आलेखाचा फोटो जोडा. कुठलं टोक कशाचं, ते तिघं मिळून बघू.