सासू-सासरे सहा आठवडे राहायला येताहेत, मुलं लहान आहेत आणि मला अभ्यास करायचाय. कसं जमवू?

तुम्ही लिहिलंय की मोठा चार वर्षांचा आहे, धाकटी दीड वर्षाची, सासू-सासरे गावाहून सहा आठवड्यांसाठी येताहेत आणि तेवढ्यात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाचं मागे पडलेलं काम उरकावं असं मनात आहे. आणि शेवटी विचारलंय, ‘मुलं त्यांच्यावर टाकून मी अभ्यासाला बसले तर ते स्वार्थीपणाचं दिसेल का?’

दिसेल. कुणाला ना कुणाला दिसणारच, त्याला इलाज नाही. माझ्या एका चुलत सासूबाईंनी मला फोनवर विचारलं होतं, "मग पोरं कोण बघतंय?" त्याच दिवसांत माझा नवरा आठवड्यातून चारदा पहाटे पाचला बूट घालून पळायला जात होता. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी चाललेली. २१ किलोमीटर, त्यात यवतेश्वरचा घाट. तेव्हा पोरं कोण बघतंय हे त्याला आजतागायत कुणी विचारलेलं नाही. त्याचा तो व्यायाम, माझं ते खूळ. असो, हा विषय काढला की मी वाहवत जाते.

आमच्याकडचं सांगते, त्यातलं तुमच्या उपयोगाचं घ्या. आम्ही पुण्यात धायरीला राहतो, सासर कराडजवळचं. सासरे एसटीत ड्रायव्हर होते, आता ७६ वर्षांचे. सासूबाई ६८च्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आणि मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे "अर्ध्या तिकिटात येती, म्हणून वर्षातनं दोनदा येती" हा सासूबाईंचा ठरलेला विनोद. मी भूगोल घेऊन एम.ए. केलं, मग लग्न, दोन बाळंतपणं, आणि सेट, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा, द्यायची राहिली ती राहिलीच. सेटला वयाची अट नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी पाच वर्षं स्वतःची समजूत घालत होते.

पहिल्या वेळी मी जे केलं ते तुम्ही करू नका. ते यायच्या आधीच मी फ्रीजवर तक्ता चिकटवून ठेवला. सकाळी नऊ ते अकरा आजी, दुपारी दोन ते चार आजोबा, रंगीत पेनांनी चौकोन वगैरे. सासूबाईंनी चष्मा लावून तो सगळा वाचला आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "अहो, बघा, रिटायर झाला तरी ड्युटी लागलीच तुमची." हसत म्हणाल्या, पण मला कळायचं ते कळलं. चौथ्या दिवशी मीच तक्ता काढून टाकला.

त्या तक्त्यातले सगळे तास माझ्या सोयीचे होते. सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार त्यात कुठेच नव्हता. दीड-दोन वर्षांचं मूल म्हणजे दहा-अकरा किलोचं ओझं, ते दिवसातून पंधरा वेळा उचलायचं, वर ते अंग टाकून देणार. नऊ ते अकरा ही त्यांची आंघोळ-पूजेची वेळ. दुपारी दोन ते चार हे दोघं पडतात, ती त्यांची चाळीस वर्षांची सवय. मुलंही तेव्हा झोपतील असं मी धरलं होतं. मुलं कसली झोपताहेत. आणि मी होते कुठे, तर आतल्या खोलीत दार लावून. बाहेर जरा काही वाजलं की दार उघडून, "अहो आई, ते नका देऊ तिला." माझा अभ्यास होईना आणि त्यांना धड आजीपण करता येईना. शेवटच्या आठवड्यात तर मी आणि त्या एकमेकींशी फक्त भाजीबद्दल बोलत होतो.

पुढच्या खेपेला तक्ता केला नाही. आल्याच्या तिसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर सरळ विचारलं, "मला रोज दीड तास हवाय. तुम्हाला कुठला झेपेल?" नवराही तिथे बसलेला होता. हे महत्त्वाचं आहे. सून एकटी विचारते तेव्हा ती परवानगी मागितल्यासारखी वाटते. मुलगा शेजारी बसून हो म्हणाला की ते घराचं ठरतं. सासऱ्यांनी लगेच सांगितलं, साडेपाच ते सात. चहा झालेला असतो, ऊन उतरलेलं असतं, पोरं खाली खेळतात आणि त्यांनाही कट्ट्यावर चार माणसं भेटतात. सासूबाईंनी गुरुवार काढून घेतला, कारण सोसायटीच्या दत्तमंदिरात भजन असतं. रविवारी सुट्टी. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, रोज दीड तास. कागदावर सहा आठवड्यांचे ४५ तास.

दुसरी गोष्ट, घरात बसायचं नाही. आई घरात आहे हे कळलं की मूल आजीकडे टिकत नाही, आणि खरं सांगायचं तर आईही टिकत नाही. मी घरापासून सात मिनिटांवरच्या अभ्यासिकेत जागा घेतली, महिन्याला बाराशे रुपये. सगळी एमपीएससीची पोरं. पहिल्या दिवशी एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, अभ्यासिका तुमची आहे का?" पण तिथे कुणी दारावर थापा मारत नाही, याची किंमत बाराशेहून जास्त आहे. तुमच्या गावात अभ्यासिका नसेल तर वाचनालय चालेल, मैत्रिणीची रिकामी खोली चालेल, देऊळही चालेल. उंबरा ओलांडला पाहिजे, बस.

आणि चोरून जायचं नाही. ही चूक मी पहिल्याच दिवशी केली. धाकटी खेळण्यात गुंगलेली पाहून हळूच चप्पल घातली नि निघाले. तिला कळल्यावर ती चाळीस मिनिटं रडली. पुढचे दोन दिवस तर मी बाथरूममध्ये गेले तरी दाराशी उभी. आई दिसेनाशी झाली की कासावीस होण्याचं हे वय साधारण दहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत जोरात असतं. तुमची धाकटी नेमकी त्यातच आहे. निरोप घेऊन गेलं तर मूल तेव्हाचं तेव्हा रडतं आणि सावरतं. न सांगता गेलं तर ते दिवसभर पाळत ठेवतं.

यावर तोडगा काढला सासऱ्यांनी. त्यांनी दाराच्या कडीला सुतळी बांधून पितळी घंटी टांगली आणि थोरल्याला कंडक्टर केलं. एसटीत एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. साडेपाचला मी पायरीवर उभी राहायचे, धाकटीला पापी, "सातला येते" आणि थोरला दोन बेल द्यायचा. परत आले की एक बेल. आठवडाभरात घरात त्याचं नावच पडलं, आईची साडेपाचची गाडी. धाकटीला घड्याळ कळत नव्हतं, पण गेलेली गाडी परत येते हे कळलं. आणि माझ्यावरही शिस्त बसली, कारण सासऱ्यांसारखा वेळेचा माणूस मी पाहिलेला नाही. पाच पस्तीस झाले की खालून हाक, "गाडी लेट का?"

त्या दीड तासात ते काय करतात हे मी विचारायचं नाही, असं ठरवलं होतं. तरी कळायचंच. एकदा लवकर परतले तर सासरे सोसायटीच्या बांधकामाच्या वाळूत दोन चर काढून त्यात बादलीने पाणी सोडत होते. एक चर कृष्णा, दुसरा कोयना, दोन्ही समोरासमोर येऊन भिडतात तो कराडचा प्रीतिसंगम. पोरांच्या अंगावर चिखल. मी भूगोलाची एम.ए., आणि हे मला कधी सुचलं नाही.

आता काय सोडायचं आणि काय नाही, यावर आमच्याकडे बरीच चकमक झाली. मी सोडलं ते असं: चहात बुडवलेली खारी, कपाळावर काजळाची तीट, डोक्यावर थापलेलं तेल, जेवताना "एक घास काऊचा" म्हणत मागे मागे फिरणं. सहा आठवड्यांत कुठलं मूल बिघडत नाही. सासूबाईंचं म्हणणं, "पोरगं काय काचंचं हाय का?" तर नाही, काचेचं नाही.

न सोडलेल्या गोष्टी तीनच, त्याही नवऱ्याने सांगितल्या, मी नाही. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे पोरांना द्यायचे नाहीत, ते घशात अडकतात. कुटाचा लाडू चालेल, तो त्या करायच्याच. दुसरं, मोबाइल दाखवून भरवायचं नाही. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा नकोच म्हणते आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासाच्या वर नको म्हणते. आमच्याकडे संध्याकाळची मालिका धरून तो तास संपलेलाच असतो. तिसरं औषधांचं, आणि इथे मी हात जोडून सांगते. पाहुणे म्हणून आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या पिशवीत असतात, आणि पिशवी पलंगावर असते. एका सकाळी धाकटीच्या हातात सासऱ्यांच्या शुगरच्या गोळ्यांची पट्टी दिसली. फोडलेली नव्हती, नशीब. शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की एकच गोळी एवढ्याशा मुलाची साखर धोक्याइतकी उतरवू शकते. त्या दिवसापासून पिशवी कपाटावर. ते घरात पाऊल टाकतील त्याच मिनिटाला हे काम करा, चहा नंतर.

स्वयंपाकाचा हिशेबही आधीच करून ठेवा. दीड तास दोन पोरांमागे फिरलेल्या बाईला सातला भाकऱ्या थापायला लावणं हा खरा स्वार्थीपणा. त्या सहा आठवड्यांसाठी आम्ही पोळ्यांना मावशी लावल्या. सासूबाईंना आधी ते आवडलं नाही, "मी असताना बाई कशाला?" पण आठवड्याभरात मावशींचं माहेर कराडकडचं निघालं आणि मग मीच त्या दोघींच्या गप्पांतून पोळ्या सोडवून आणायला लागले. नवऱ्याने आठवड्यातलं चार दिवसांचं पळणं तीन दिवसांवर आणलं, आणि मुलांची रात्रीची आंघोळ नि झोपवणं त्याच्याकडे गेलं. कुरकुरला. पण केलं.

आणि एक, जे मला फार उशिरा सुचलं. त्यांना इथे येऊन काय करायचंय हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. नातवंडांसाठी येतात, संपलं. विचारल्यावर सासूबाईंनी यादीच काढली. आळंदी. हडपसरला राहणारी धाकटी बहीण, जिच्याकडे त्या तीन वर्षांत गेल्या नव्हत्या. डोळे दाखवायचे होते. आणि एकदा मेट्रोत बसायचं होतं. हे सगळं शनिवारांत बसवलं. आळंदीला आम्ही सगळेच गेलो, हडपसरला त्यांना सोडून आलो आणि त्या दोन रात्री राहून आल्या. त्या दोन दिवसांत माझी गाडी बंद होती, त्याचं काही वाटलं नाही.

आता ४५ तासांत काय होतं? सगळा अभ्यास होत नाही. मी त्यात फक्त सेटचा पहिला पेपर धरला. ५० प्रश्न, १०० गुण, चुकीला गुण कापत नाहीत. अध्यापन, संशोधन, तर्क, आकडेमोड. तुकड्यातुकड्याने करता येण्यासारखा. दुसरा पेपर विषयाचा, १०० प्रश्नांचा नि २०० गुणांचा. तो मी त्या दिवसांत उघडलाही नाही. त्या वर्षी माझा पहिला पेपर बरा गेला, दुसऱ्यात आपटले. दोन्ही मिळून बेरीज पुरली नाही. तुम्हीही बी.एड.मधलं एकच काहीतरी धरा, एखादा विषय किंवा पाठांच्या टाचणांच्या वह्या. सहा आठवडे म्हणजे खूप वेळ असं वाटतं आणि पाहुणचारात त्यातला पहिला आठवडा जातोच. तो जाऊ द्या. त्या आठवड्यात गाडी सुरू करू नका, धाकटीला आजीची सवय होऊ द्या. मग आधी अर्धा तास, मग पाऊण, मग दीड.

राहता राहिली ती परत जाण्याची वेळ. त्याची तयारी मी केली नव्हती. ते स्वारगेटहून गेले, आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचला थोरला घंटीपाशी उभा. मी गॅसजवळ. "आज गाडी रद्द" म्हणाले, तर त्याने मला विचारलं, "ड्रायव्हर नाही म्हणून?" त्या रात्री नवऱ्याशी बोलले. तो साडेसातच्या आत घरी येत नाही, म्हणून गाडीची वेळ बदलून साडेआठ केली, आठवड्यातून तीन दिवस. अभ्यासिका दहाला बंद होते. आता धाकटीही बेल देते, तीन-चार एकदम, निघायचं की थांबायचं काही कळत नाही. पुढची परीक्षा मी त्याच वेळेवर देणार आहे, दुसरा पेपर धरून.