आजीला अशिक्षित म्हणण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. टी.वाय.ला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, नाव घालू की आहे ती नोकरी पूर्ण वेळ करून एखादा कोर्स लावू, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर देतोच. पण त्याच मेसेजात तू लिहिलंस, ‘आमच्या घरात मीच पहिली शिकलेली, आजी तर अशिक्षितच’, आणि तिथे मी अडलो. आजी निरक्षर आहेत, हे खरं. अशिक्षित कशा?

रात्रशाळेत शिकवायचो तेव्हा मी लालबागला त्यांच्या खानावळीत मेंबर होतो. गिरणीच्या तिन्ही पाळ्यांचे लोक जेवायला. कोणाचे किती खाडे, कोणाचा गाववाला दोन दिवस जेवून गेला, गणपतीला गावी गेलेला माणूस कधी परतणार, सगळं तोंडपाठ. पगाराच्या तारखेला खाडे वजा करून ज्याचा त्याचा आकडा सांगायच्या आणि त्यावर कोणी वाद घातलेला मी पाहिला नाही. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना सावकाराच्या पाशातून काढून बँकेच्या दारापर्यंत नेलं. कर्ज, हप्ता, व्याज हे सगळं त्या बायका शिकल्या. त्यातल्या कितीतरी जणींना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

म्हणून निरक्षरतेचं कौतुक करायचं, असं मात्र समजू नकोस. तसं कौतुक मला चीड आणतं. अंगठा उठवताना वर काय लिहिलंय हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं, आणि तो दुसरा खरं सांगतोय की नाही हे कळायला मार्ग नसतो. जोतीराव फुल्यांनी 1882 साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगाला निवेदन दिलं, त्यात निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी होती. कर भरायचा शेतकऱ्यांनी आणि त्या पैशावर शिकायचं वरच्या वर्गाच्या पोरांनी, हे त्यांनी सरकारला सुनावलं होतं. 6 ते 14 वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा झाला 2009 साली आणि लागू झाला एप्रिल 2010 मध्ये. मधली सव्वाशे वर्षं ज्यांच्या वाट्याला आली, त्यांत तुझी आजीही आहे.

बरं, साक्षर तरी कोणाला म्हणतात? जनगणनेची व्याख्या फार माफक आहे. वय सात किंवा त्याहून जास्त, आणि कोणत्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता आलं की झालं. शाळेत गेलेलं असण्याची अट नाही. नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही, असा माणूस मात्र निरक्षरांत मोजला जातो. 2011 साली महाराष्ट्राची साक्षरता 82 टक्क्यांवर होती. अशा आकड्यात तुझ्यासारखी कॉलेजातली मुलगी येते, तुझे प्राध्यापक येतात आणि दुकानाची पाटी वाचून दोन ओळी लिहू शकणारा हमालही येतो.

आता तुझ्या पदवीकडे येऊ. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे परीक्षा घेणारं आणि पदव्या देणारं. शिकवायचं काम कॉलेजांचं. न्यायमूर्ती रानडे 1862 साली बी.ए. झाले, ते शिकले एल्फिन्स्टन कॉलेजात. विद्यापीठाने त्यांची परीक्षा घेतली. विद्यापीठाचे स्वतःचे शिकवणारे विभाग निघायला 1919 साल उजाडलं, तेही समाजशास्त्रापासून. शिकणं एकीकडे आणि पदवी एकीकडे, ही आपल्या शहराची जुनी रीत आहे. दोन्ही एकाच जागी मिळतील असं धरून चालतेस, म्हणून तुझी चिडचिड होते.

पदवीकडून तिला जमेल तेवढंच माग. बँकेची परीक्षा, राज्यसेवा, बहुतेक ठिकाणी ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ ही पहिली अट असते. एका वर्षासाठी तो दरवाजा बंद करून घेऊ नकोस. टी.वाय. पूर्ण कर, हे माझं उत्तर.

कोर्सबद्दल मला शंका आहे, पण विरोध नाही. हाताला काम शिकवणं ही मोठी गोष्ट आहे; व्हीजेटीआय हे तंत्रशिक्षणाचं कॉलेज 1887 साली निघालं तेव्हा गिरण्यांना लागणारे तंत्रज्ञ घडवणं हे त्याचं मोठं काम होतं. मात्र एकाच यंत्रावर बसलेला हात त्या यंत्राबरोबरच अडकतो. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा मागावर आयुष्य काढलेल्या माणसांचं काय झालं, ते तुमच्या चाळीत कोणालाही विचार.

तू ऑफिसात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एंट्री मारतेस. ऑफिससाठी लॅपटॉप घेतला तर त्याची नोंद खरेदी खात्यावर न जाता मालमत्तेत जाते आणि दरवर्षी त्याचा घसारा काढतात, हे तुला पाठ असेल. का, ते माहीत आहे? तो लॅपटॉप विकायला घेतलेला माल नाही आणि पुढची काही वर्षं तो काम देणार आहे, म्हणून त्याचा खर्च त्या वर्षांवर वाटायचा. हे एकदा डोक्यात बसलं की टॅली जाऊन उद्या दुसरं सॉफ्टवेअर आलं तरी अडणार नाहीस. सीए सर कामात असतात, मान्य. तरी दिवसातून एक ‘का’ त्यांना विचार. संध्याकाळी साडेसहानंतर विचार, दुपारी रिटर्न भरण्याच्या घाईत नको.

परीक्षेचंही तसंच. गेल्या सेमिस्टरला कॉस्टिंगमध्ये 41 आले म्हणून तू रडलीस. आकडा कळला, चूक कुठे झाली ते कळलं नाही. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागता येते; मुलं ती मागतात ती मार्क वाढवण्यासाठी. तू ती घेऊन शिकवणाऱ्या मॅडमसमोर बस.

दादर स्टेशनबाहेर टॉपरांचे फोटो लावलेले क्लासचे फलक मोजत बसलो तर माझी लोकल सुटेल. त्यांतल्या कोणाकडे फी भरण्याआधी फोन करून एवढं विचार: एका बॅचला मुलं किती, आणि आम्ही केलेलं काम तपासून परत कोण देतं? काय उत्तर मिळालं ते मला कळव. तोवर पैसे भरू नकोस आणि टी.वाय.च्या प्रवेशाची तारीख चुकवू नकोस.

तुझा,
सर